मदत हवी आहे: स्वनिधीचं पहिलं कर्ज फिटलं, दुसरं अडलं

नमस्कार मंडळी. अमळनेरला भरताची वांगी विकणाऱ्या एका मावशींसाठी विचारतोय. कोरोनात, जून 2020 मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या कर्ज योजनेतून त्यांनी 10,000 रुपये घेतले. बाराही हप्ते वेळेवर भरले, 7 टक्के व्याज अनुदानही खात्यात आलं. पण दुसऱ्या टप्प्याचा अर्ज पुढे सरकत नाही, पोर्टलवर जुनं कर्ज चालूच दिसतं.

पासबुकात शेवटच्या हप्त्याखाली 43 रुपये व्याज निघालं होतं. एवढ्याशा बाकीनेही कर्जखातं उघडं राहतं आणि बँकेने बंदची नोंद चढवल्याशिवाय पुढचं कर्ज मिळत नाही. ते पैसे भरून नो ड्यूज (काही बाकी नसल्याचा) दाखला घेतलाय. आधारला मोबाइल जोडलेला आहे, विक्रेता ओळखपत्रही आहे. तरी शाखेत 'वरून अपडेट होईल' एवढंच उत्तर!

दुसरा टप्पा आता 20,000 चा 25,000 झालाय. हंगामात माल उचलायला हीच रक्कम लागते, नाहीतर सावकाराचं रोजचं व्याज मानगुटीवर बसतं.

जळगाव-धुळ्याकडच्या कुणी ही नोंद दुरुस्त करून घेतलीय का? शाखेत लेखी अर्ज दिला, की नगरपालिकेमार्फत? अर्जासोबत काय काय जोडलं, तेही सांगा.