प्रतिसाद: नेल्सच्या कामातला इंटरेस्टच गेलाय
वर ताईंनी लिहिलंय की रोज नखांवर तेच न्यूड (कातडीच्या रंगाचं) जेल, तेच फ्रेंच (पांढरी टोकं) करून आता ब्रश हातात घ्यावासा वाटत नाही, फील्डच सोडू का. सोडायच्या आधी नक्की कशाचा कंटाळा आलाय ते बघा ना, मला तर पाठ-मान दुखण्याचा, ई-फाइलच्या (नखं घासायच्या मशीनच्या) धुळीचा आणि "जरा पटकन करा" म्हणणाऱ्या क्लायंटचा वैताग होता. खुर्चीची उंची बदलली, टेबलावर धूळ ओढणारा फॅन लावला, लागोपाठ अपॉइंटमेंट घेणं बंद केलं, निम्मं तिथेच हलकं झालं. बाकीचं प्रॅक्टिस टिप्सवर (सरावाच्या खोट्या नखांवर) स्वतःसाठी काहीबाही रंगवताना गेलं, क्लायंट नाही, फोटो टाकायचा नाही (ते लाइक्सचं प्रकरण अजूनच डोकं उठवतं), मग हळूहळू एपेक्स (नखावरच्या जेलचा सगळ्यात उंच, जाड भाग) नीट बसवण्यात पण परत मजा यायला लागली.

आणि हो, बोटांना खाज किंवा पुरळ येत असेल तर तो कंटाळा समजून सोडून देऊ नका, क्युअर न झालेलं (लॅम्पखाली पूर्ण कडक न झालेलं) जेल कातडीला लागून अ‍ॅलर्जी होते आणि एकदा झाली की सहसा कायमची. नायट्राइल ग्लोव्हजमधून पण ते झिरपतं, म्हणून सारखे बदला आणि स्किनच्या डॉक्टरला दाखवा.