विषय: लॅपटॉपचा आयपी १६९.२५४ ने सुरू होतोय

मंडळी, नमस्कार.
कालपासून लॅपटॉपवर नेट बंद आहे. त्याच वायफायवर फोन मात्र व्यवस्थित चालतोय. कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली. आयपीव्ही४ (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा पत्ता) पुढे १६९.२५४.७३.१२ दिसतं, डिफॉल्ट गेटवेपुढे काहीच नाही. आयपी मिळालाय म्हणजे जोडणी ठीक असणार ना? कंपनीला फोन करू का?

---

> आयपी मिळालाय म्हणजे जोडणी ठीक असणार ना?

काका, फोन करू नका. हा पत्ता लॅपटॉपला कुणी दिलेला नाही, त्याने स्वतःच घेतलाय. घरात पत्ते वाटायचं काम राउटरमधलं डीएचसीपी करतं. लॅपटॉपने पत्ता मागितला आणि उत्तर आलं नाही, की विंडोज १६९.२५४ च्या गटातला एखादा आकडा लावून घेतं. त्यावरून राउटरपलीकडे जाता येत नाही, म्हणून गेटवेची, म्हणजे बाहेर जायच्या दाराची (घरात तो राउटरच), जागा रिकामी. फोन चालतोय त्या अर्थी राउटर आणि बाहेरची लाइन शाबूत आहे. बिघाड लॅपटॉप आणि राउटर यांच्या मधे कुठेतरी आहे. एवढं सगळं त्या एका ओळीने सांगितलं, म्हणून मी सगळ्यांना आधी आयपीकॉन्फिगच बघायला सांगते.

वायफाय बंद करून पुन्हा चालू करा, मग आयपीकॉन्फिग /रिन्यू द्या (स्लॅशआधी मोकळी जागा हवी). १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता आला की जमलं. हे खासगी पत्ते असंख्य घरांत एकाच वेळी वापरात असतात. आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा, त्यात जेमतेम ४२९ कोटी पत्ते मावतात, म्हणून ही काटकसर. बाहेरच्या साइटला तुमचा वेगळाच आकडा दिसला तर घाबरू नका, तो सार्वजनिक पत्ता असतो.

नंतर पिंग करा (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते बघणारी आज्ञा): आधी गेटवे, मग ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर), मग एखाद्या साइटचं नाव. उत्तर कुठे थांबतं ते कळवा. काही राउटर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, तेव्हा पहिल्या पायरीवरच हताश होऊ नका.

---

हेच बघायला मॅकवर आयएफकॉन्फिग. लिनक्सवर आयपी ॲड्रेस, आणि गेटवे बघायला आयपी राउट.

---

अगं, १९२.१६८.१.३७ आला! गेटवे उत्तर देतो, ८.८.८.८ सुद्धा. साइटचं नाव दिलं की मात्र होस्ट सापडत नाही म्हणतो.

---

म्हणजे रस्ता मोकळा आहे, फक्त नावावरून पत्ता शोधता येत नाहीये. हे काम डीएनएसचं. आयपीकॉन्फिग /ऑल देऊन डीएनएस सर्व्हर्सची ओळ बघा. तेवढीच इथे पाठवा, सगळा मजकूर चिकटवू नका. त्यात फिजिकल ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) असतो, कधी सार्वजनिक पत्ताही, आणि ही मेलिंग यादी बरेच जण वाचतात.

---

तिथे १० ने सुरू होणारा पत्ता होता. जुन्या ऑफिसच्या कामासाठी मीच कधीतरी हाताने भरला होता, घरून तो कुठला सापडायला! आता स्वयंचलित केलं, आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस देऊन साठवलेली जुनी उत्तरं पुसली. हा मेल लॅपटॉपवरूनच लिहितोय.