गाडीच्या काचाले फिल्म लावाव का नाही?

धामणगाववाला: राजेहो, पारा ४५ च्या खाली यायचं नाव घेत नाही आन् माही गाडी दिवसभर बाजार समितीच्या आवारात उन्हात उभी. परवा सीटबेल्टच्या खटक्यानं पोराच्या हाताले फोड आला. नागपुरात एका दुकानदारानं लाल बल्बासमोर दोन काचा धरून दाखवल्या, साध्या काचेमागं हात ठेववत नव्हता, सिरॅमिक फिल्मवाल्या काचेमागं काहीच नाही. ७० टक्के उजेड आत सोडणारी हाय, कायद्यात बसते म्हणे. लावून टाकाव का?

जुना ड्रायव्हर: बल्बाले भुलू नको बाप्पा. त्या बल्बात उजेड कमी आन् गरमीच जास्त, म्हणून ती फिल्म जादू वाटते. उन्हात जवळपास अर्धी ताकद उजेडाची असते, तो तर आत येणारच. आन् दिवसभर उभ्या गाडीची भट्टी होतेच, सीटबेल्टवर दुपट्टा टाकून ठेव, फुकटात काम. वरून २७ एप्रिल २०१२ ले सुप्रीम कोर्टानं फिल्मच बंद केली, किती टक्क्याची का असेना.

वर्धेकर: अर्धीच गोष्ट नका सांगू काका. १ एप्रिल २०२१ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमातला काचेबद्दलचा नियम १०० बदलला. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ हायकोर्टानं सांगितलं की समोरच्या-मागच्या काचेतून ७० आन् बाजूच्यातून ५० टक्के उजेड येत असन तर फिल्म चालते. चालत्या गाडीत एसीले आराम पडते, हे मी स्वतः भोगून राहिलो.

जुना ड्रायव्हर: केरळात ना? आपल्या नाक्यावरचा शिपाई केरळचा निकाल वाचत बसत नाही, पावती फाडते.

काचवाला: दोघंही हिशेब इसरले. कंपनीची काच स्वतःच थोडा उजेड अडवते. समजा काच ७५ ची, तिच्यावर ७० ची फिल्म लावली की दोन्ही मिळून साडेबावन्न उरते. बाजूले चालन, समोरच्या काचेले नाही. दुकानदाराले म्हणा, बल्ब ठेव बाजूले, माह्याच काचेवर उजेड मोजायचा मीटर लावून दाखव.

आर्वीचा शेतकरी: तुम्ही दिवसाचंच बोलून राहिले. मी काळी फिल्म लावली होती, दिवाळीनंतर रात्री गावाच्या वळणावर कापसाची बंडी, ना कंदील ना काही, बाजूच्या काचेतून दिसलीच नाही, बैलाचं शिंग आरशाले लागलं तवा समजलं. दुसऱ्या दिवशी ब्लेडनं खरवडली, डिंक अजून चिकटूनच हाय. आन् रोही (नीलगाय) तर सांगून येत नाही.

वर्धेकर: भाऊ, काळी फिल्म अन् ही सारखी नाही, हिच्यातून चांगलं दिसते.

आर्वीचा शेतकरी: दिसते म्हणणारे सगळे हायवेवरचेच निघतात.

धामणगाववाला: बरं, मागच्या दोन दारालेच लावाव म्हणतो, समोर काहीच नाही. आत्ताच दुकानदाराले फोन केला, मीटर दाखव म्हटलं तर म्हणे बिघडला हाय, बल्ब मात्र चालू हाय.