मदत हवी आहे: एकाच नावाचे दोन व्हॉल्यूम ग्रुप, पार्टिशनिंग अडतंय
मंडळी, डेबियन लिनक्सचं इन्स्टॉलेशन प्रीसीड फाइलने (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली फाइल) आपोआप चालवतोय. मशीनमध्ये दोन डिस्क आहेत. नवी रिकामी, जुनीवर डेटा, तिला हात लावायचा नाही. पार्टिशनिंगला आलं की गाडी थांबते: व्हॉल्यूम ग्रुपचं (एलव्हीएममध्ये डिस्कची जागा एकत्र करून बनवलेला गट) नाव आधीच वापरात आहे म्हणे. ऑल्ट-एफ२ दाबून शेलमध्ये 'व्हीजीएस' (ग्रुपांची यादी दाखवणारी कमांड) चालवलं, तर खरंच जुन्या डिस्कवरच्या ग्रुपचं नाव तेच निघालं.

पार्टमनच्या (इन्स्टॉलरचा पार्टिशनिंग करणारा भाग) अर्ली कमांडमध्ये, म्हणजे पार्टिशनिंगच्या आधी चालणाऱ्या कमांडमध्ये, ही तपासणी आधीच करून, नाव जुळलं तर नव्या ग्रुपला दुसरं नाव देता येईल का? 'व्हीजीरीनेम' कमांडने जुन्या ग्रुपचं नाव बदलणं मला पटत नाही. त्यातल्या सिस्टिमच्या एफएसटॅब (बूट होताना जोडायच्या पार्टिशनांची यादी) आणि ग्रबमध्ये (बूटलोडर) जुनंच नाव राहील, मग ती बूट होणं कठीण. कुणाकडे चालती स्क्रिप्ट आहे का?