मदत हवी आहे: उद्यमनगरात मुली-बायकांसाठी वर्कशॉप, पण मदतीला धावणाऱ्यांचं काय करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मैत्रिणींनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक गाळा भाड्यानं घेतलाय. थ्रीडी प्रिंटर, आर्डुइनोची (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डची) किट्स, सोल्डरिंगचं सामान, बेंच ड्रिल, शिलाई मशीन. आयटीआयच्या मुली, धुणीभांडी करणाऱ्या बायका, तृतीयपंथी मैत्रिणी, थोडक्यात ज्यांच्या हातात घरी कुणी पक्कडही देत नाही, त्यांनी इथं यावं, काहीतरी खोलावं, जोडावं, बिघडवावं, एवढीच इच्छा.

यंत्रांची चिंता नाही. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या जवळ असलेल्या गावात लेथ, वेल्डिंग, पॅटर्न काय हवं ते मिळतं. त्रास माणसांचा आहे, आणि तोही भल्या माणसांचा.

परवा एक मुलगी पहिल्यांदाच एलईडी सोल्डर करत होती. जोड मळकट, गोळा झालेला. शेजारच्या गाळ्यातला पोरगा आला, "सरका ताई, दाखवतो" म्हणाला, गन हातातून घेतली आणि झटक्यात चकचकीत जोड मारला. नंतर ती मोबाइल बघत बसली. त्याला बोलावं तरी काय? आमचा चहासुद्धा तोच सांगतो.

पुरुषांना सरळ बंदी घालावी, की ठरावीक दिवशी येऊ द्यावं? सॅन फ्रान्सिस्कोत २०१३ साली डबल युनियन नावाची अशीच वर्कशॉपची जागा सुरू झाली, ती स्त्रिया आणि नॉनबायनरी (स्वतःला ना स्त्री ना पुरुष मानणाऱ्या) लोकांसाठीच. इथं तसं केलं तर मुलीला सोडायला आलेला भाऊ दारातच अडणार, आणि उद्यापासून तिचं येणंच बंद व्हायचं. वेळेचाही घोळ आहेच. कामवाल्या बायका दुपारी दोन ते चार मोकळ्या, कॉलेजच्या मुली पाचनंतर, आणि सातच्या आत घरात. फी घ्यावी का? फुकट म्हटलं की "काय विकायलाय?" असा संशय येतो.

कुणी असं काही चालवलं असेल तर सांगा. "फक्त मुलींसाठीच का?" हा प्रश्न कृपया नको, रोज ऐकतो.

प्रतिसाद: लेथवाला_काका
ताई, बंदी घालू नगा, नियम लावा. "दुसऱ्याच्या हातातलं हत्यार घ्यायचं न्हाई, तोंडानं सांगायचं." भिंतीवर मोठ्या अक्षरात. आमच्यात उस्ताद असंच शिकवायचा, सोताचे हात मागं बांधून. आनि ड्रिलवर हातमोजे घालू दिऊ नगा, सेफ्टी म्हनून घालत्यात आनि मोजा गुंडाळून हातच आत वढतंय. ओढणी खोचून, बांगड्या काढून, केसं बांधून. व्हाइसचा, म्हंजी बेंचवरच्या शिकंज्याचा, माथा कोपराच्या उंचीला पायजे. आमचे बेंच गड्यांच्या मापाचे, पोरींचे खांदे भरून येत्यात, मग म्हनत्यात पोरींना जमत न्हाई.

प्रतिसाद: पाबळची_माजी
मी पाबळच्या विज्ञान आश्रमात शिकले. डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला, आणि अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी (डिजिटल यंत्रांवर वस्तू बनवायच्या कार्यशाळांपैकी) एक तिथं आहे. माझं मत, रोबोटपासून सुरुवात करू नका. बायकांना घरचा बंद मिक्सर आणायला सांगा. बऱ्याचदा कार्बन ब्रश झिजलेला असतो, तो अगदी स्वस्तात मिळतो. मिक्सर चालू होऊन घरी गेला की सासूच पुढच्या वेळी पाठवते. फी वीस-तीस रुपये ठेवा, पण डब्यात टाकायची, कुणी किती टाकले ते बघायचं नाही.

प्रतिसाद: कोर्टकचेरी
तक्रारीची सोय आधी करा. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात बिनपगारी स्वयंसेवकही कर्मचाऱ्यांत धरले जातात. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते, तो पत्ता दाराशी लावा. आणि "फक्त मुलींसाठीच का?" विचारणाऱ्याला सांगा, शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, तेव्हाही लोक हेच विचारत होते.

धागाकर्ती
काका, पाटी उद्याच लावते. शेजारच्या पोरालाच रंगवायला सांगणार आहे, त्याचं अक्षर चांगलंय. मिक्सरची कल्पना तर फारच आवडली, शनिवारी दुपारी करून बघतो. भावांना बाहेर बाकावर बसवायचं ठरतंय, बघू.

आता एकच, आमचा बेंच उंच आहे आणि जमिनीत पक्का बसवलेला. पाय कापायचे की उभं राहायला खाली लाकडी फळ्या टाकायच्या?