मदत हवी आहे: वरूडकडच्या फार्मस्टेमधला हॉट टब घ्यावा का?

मंडळी, डिसेंबरच्या शेवटी घरचे सगळे मिळून वरूडकडे संत्र्याच्या बागेतल्या एका फार्मस्टेला जायचा बेत आहे. आम्ही अमरावतीचे, लांबचा प्रवास नको होता. लाकडी कॉटेज, मागच्या ओट्यावर गरम पाण्याचा टब, समोर बाग. फोटो पाहूनच दादा आणि वहिनी तयार झाले. टबाचे पैसे खोलीच्या भाड्याहून वेगळे आहेत आणि ते थोडेथोडके नाहीत.

बाबा सत्तरीचे, बीपीची गोळी रोज. आई ठणठणीत. वहिनीला पाचवा महिना. पोट्टे दोन, एक चार वर्षांचं, दुसरं नऊ.

मालकांना फोन केला. पाणी कधी बदलता विचारलं, तर म्हणे, "पाणी एकदम साफ असते, टेन्शन नका घेऊ." फिल्टर आहे का? "सगळी सिस्टीम आहे." माणूस गोड बोलतो, पण उत्तर एकाही प्रश्नाचं देत नाही.

तर, यातल्या कोणी टबात बसावं आणि कोणी नाही? आणि फोनवर नेमकं काय विचारलं म्हणजे खरं काय ते कळेल? दुसरं रिसॉर्ट कृपया सुचवू नका, तो वाद घरात मिटलाय.

संत्रानगरी:
पूल आणि टबांच्या देखभालीचं काम करतो, म्हणून लिहितो. "टब तापायला किती वेळ लागतो?" हा पहिला प्रश्न विचारा. चार-सहा जणांच्या टबात हजार ते दीड हजार लिटर पाणी असतं. १२०० लिटर पाणी १८ अंशांवरून ३८ वर न्यायला साधारण २८ युनिट वीज लागते. ३ किलोवॉटच्या हीटरला त्यासाठी नऊ-दहा तास हवेत, तेही वर झाकण असेल तर. मधे लाइट गेली की बोंबललं. "दोन तासांत गरम होते" असं उत्तर आलं, तर एक तर लाकडावरचा बंब आहे, नाही तर तुम्हाला कोमट पाण्यात बसवणार आहेत. बंब वाईट नाही, फक्त पाणी नीट ढवळून थर्मामीटरने मोजायचं. वरचं पाणी चटका देतं आणि तळाचं गार असतं.

दुसरं, फिल्टर आणि पंप नसेल तर तो नुसता मोठा बाथटब. मग प्रत्येक पाहुण्यानंतर रिकामा करून, घासून, नव्याने भरायला हवा. वरूड-मोर्शी पट्ट्यात बोअरचं पाणी किती खोल गेलंय ते तुम्हाला सांगायला नको. तिथे कोणी दर वेळी हजार लिटर ओतून देत असेल, यावर माझा तरी विश्वास नाही.

फिल्टर असला तरी क्लोरीन किमान ३ पीपीएम (म्हणजे लिटरमागे ३ मिलिग्रॅम) आणि पीएच, म्हणजे पाणी किती आंबट-खारं आहे याचं माप, ७ ते ७.८ पाहिजे. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं, म्हणून "काल टाकलं होतं" चालत नाही. तपासायच्या पट्ट्या मिळतात, सोबत न्या आणि उतरायच्या आधी बुडवून बघा. पाणी गढूळ, फेस मरत नाही, कडेला हात लावला तर बुळबुळीत, असं असेल तर कोणीच उतरू नका. २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. टबात जोराने पाणी सोडणाऱ्या जेटच्या तुषारांतून ते श्वासात गेले की न्यूमोनिया होऊ शकतो आणि वयस्कांना त्याचा धोका जास्त. बाबांसाठी मला बीपीपेक्षा हीच काळजी जास्त वाटते.

सिस्टरताई:
वहिनींनी टबात बसू नये. गरोदरपणात शरीराचं तापमान वाढू द्यायचं नसतं. पहिले तीन महिने जास्त नाजूक असतात, पण पाचव्यातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बादलीत कोमट पाणी घेऊन पाय शेकावेत, छान वाटतं.

बाबांना गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल होतात, त्यात गोळीचा परिणाम, आणि उठताना चक्कर येते. त्यांच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तरच, दहा मिनिटं, बाहेर येताना कोणाचा तरी हात धरून. ४० अंशांच्या वर कोणासाठीच नको. दादा लोकांनी "थोडी घेऊन" बसायचा विचार केला असेल, तर तोही सोडा!

चार वर्षांच्याला अजिबात नको. नऊवाल्याला पाणी जरा कमी गरम, पाच मिनिटं, आणि मोठं माणूस शेजारी. केस लांब असतील तर बांधून, पाणी ओढणाऱ्या जाळीत अडकतात.

वऱ्हाडी पाहुणा:
अरे बाप्पा, वरूडले जाऊन टबात काहून बसता? सालबर्डी जवळच हाय. मध्य प्रदेशच्या सीमेवर, डोंगरात महादेवाची गुफा, गरम पाण्याचा झरा. महाशिवरात्रीले गर्दी मायंदाळ, डिसेंबरात निवांत. अन् आंबिया बहाराची संत्री असतीन तवा झाडाले, ती खा ना भाऊ.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. परत फोन केला. तापायला "संध्याकाळी सांगितलं की रात्री तयार", आणि हीटर किती किलोवॉटचा ते बघून सांगतो म्हणाले. फिल्टरचा फोटो मागितला, अजून आलेला नाही. ताई, तुमचा मुद्दा वहिनीला वाचून दाखवला. दादाचं तोंड उतरलं, वहिनी मात्र हसत होती.

आता टब वगळून काय भाव, ते विचारलंय. सालबर्डीला बाबांना कितपत चालावं लागेल? पायऱ्या फार असतील तर आई आणि पोट्ट्यांना घेऊन आम्हीच जाऊन येऊ.

वऱ्हाडी पाहुणा:
गुफेले चढ हाय, बाबाले खालीच बसवा. अन् रोडगे, म्हंजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, पाहिजे असतीन तर मालकाले आदल्या दिवशीच सांगून ठेवा, गोवऱ्या पेटवाले वेळ लागते.