जपानमधली प्राचीन नाकी: नागोयाहून कुठे जावं? (सल्ला हवा)

भटकी_मैना
मंडळी, सध्या कामासाठी नागोयात आहे. पुढच्या महिन्यात एक शनिवार-रविवार मोकळा मिळतोय. रस्त्यावरची जुनी नाकी (इथे सेकिशो म्हणतात) पाहायची आहेत. पण एदो काळातली (सतरावं ते एकोणिसावं शतक) नकोत, सातव्या-आठव्या शतकातली हवीत, आणि खोदकाम झालेली. ऑफिसातले सगळे हाकोनेच सांगतात. बाबा सोबत आहेत, वय ७२, सपाटीवर कितीही चालतील. नाणेघाट पाहून झालाय, त्यामुळे "तिथे जकातीचा रांजण आहे का?" हे बाबांनी विचारून झालंय.

चहा_बिस्कीट
हाकोनेच करा हो. इमारती उभ्या आहेत, सरोवर आहे, बाबा खूश होतील. फुवाच्या प्राचीन नाक्यावर मी गेलोय, पाटी आणि शेतं. फोटो काढायला काही नाही.

खापरतुकडा
हाकोनेचं नाकं १६१९ चं, आणि आज दिसतं ते २००७ मध्ये पुन्हा बांधून पूर्ण झालेलं. काम चोख आहे, पण मैनाताईंनी विचारलेला काळच वेगळा. एदोचंच बघायचं तर मग आराईच्या नाक्यावर जा, तिथली १८५५ ची मूळ इमारत टिकून आहे.

प्राचीन म्हणाल तर तीन नाकी महत्त्वाची: तोकाइदो मार्गावर सुझुका, तोसान्दोवर फुवा आणि होकुरिकुदोवर आराची. ६७२ च्या वारसायुद्धात राजपुत्र ओआमाने फुवाची वाट अडवली आणि पूर्वेकडची कुमक स्वतःकडे वळवली. तोच पुढे सम्राट तेन्मु झाला. वाट रोखली की राज्य मिळतं हे ज्याला अनुभवाने कळलं, त्याच्याच घराण्याने ही नाकी सांभाळली. म्हणून माझ्या मते त्यांचा रोख परक्या शत्रूपेक्षा राजधानीतल्याच माणसांवर होता. सम्राट वारला किंवा बंडाची कुणकुण लागली की तिन्ही दारं बंद, म्हणजे कुणी पूर्वेला पळून सैन्य जमवू नये. ७६४ मध्ये फुजिवारा नो नाकामारोने बंड केलं आणि तो आराचीपलीकडच्या एचिझेन प्रांताकडे निघाला. आराची बंद! मागे फिरला आणि बिवा सरोवराच्या काठी मारला गेला. ७८९ मध्ये सम्राट कान्मुने तिन्ही नाकी मोडीत काढली.

आराचीची नेमकी जागा अजून सापडलेली नाही, तेव्हा ते सोडा. फुवा आणि सुझुका, एकेक दिवस.

भटकी_मैना
वा! पण फुवाला खरंच फक्त शेतं आहेत का?

खापरतुकडा
शेतं आहेत, घरंही आहेत. पण १९७० च्या दशकात गिफु प्रांताने तिथे खोदलं, तेव्हा आराखडा हाती आला. पश्चिमेला फुजिको नदीचा कडा, म्हणजे तटबंदी फुकटात. उरलेल्या तीन बाजूंना मातीचे बांध: उत्तरेचा साधारण ४६० मीटर, पूर्वेचा ४३०, दक्षिणेचा जेमतेम १२०. एकूण सुमारे १२ हेक्टर. मधून रस्ता जायचा आणि त्याच्या उत्तरेला भिंतीने वेढलेलं कचेरीचं आवार होतं. आधी छोट्या संग्रहालयात जाऊन प्रतिकृती आणि कौलं बघा, मग बाहेर पडा. उलट केलंत तर चहा_बिस्कीट यांच्यासारखं होईल :)

सेकिगाहारा स्टेशनवरून पश्चिमेला चालत जाता येतं. हो, १६०० ची सेकिगाहाराची प्रसिद्ध लढाई झाली ते हेच. गर्दी तिच्यासाठी येते, नाक्याकडे कोणी फिरकत नाही.

कोकणकडा७
सुझुकासाठी कामेयामाला गाडी बदलून सेकी स्टेशन. पुढे डिझेलची गाडी, फेऱ्या कमी, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. कान्नोन टेकडीच्या बाजूला २००६ च्या खोदकामात पश्चिमेच्या तटभिंतीचे अवशेष मिळाले, पडलेल्या कौलांसकट. त्याआधी जागेबद्दल नुसते तर्क होते. २०२१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. बाबांना टेकडी नको. खाली सेकी-जुकु हे एदो काळातलं मुक्कामाचं गाव आहे, जवळपास दोन किलोमीटर जुनी लाकडी घरं, सगळं सपाट.

आणि रांजण नाही म्हणून सांगा. आठव्या शतकात इथे परवाना तपासायचे. नारातल्या राजवाड्याच्या जागी असा एक लाकडी परवाना सापडलाय, जवळपास ६५ सेंटीमीटर लांब! घोडा घेऊन ओमी प्रांतातून राजधानीला निघालेल्या माणसांचा. वाटेवर पैसे उकळणारी नाकी मध्ययुगात बोकाळली. देवळं आणि सरदार, दोघंही त्यात होते.

चहा_बिस्कीट
मान्य, मी संग्रहालय बघितलंच नव्हतं. तरी बाबांसाठी शनिवारी सेकी-जुकु आधी ठेवा. पहिल्याच दिवशी शेतं दाखवलीत तर रविवारी ते हॉटेलातच बसतील.

भटकी_मैना
ठरलं, शनिवारी सुझुका, रविवारी फुवा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, तेव्हा रविवार सोयीचाच. सेकीत शाकाहारी जेवण मिळेल का, की डबा नेऊ?

कोकणकडा७
डबा न्या. उदोनच्या (गव्हाच्या जाड शेवया) रश्श्यातही मासळीचा अर्क असतो.